नॉबचं शेवटचं टोक

दुपार टळली तरी दिवा काही ऐकेना. प्रोजेक्ट म्हणाल तर साधा. टायमरची चिप, कपॅसिटर, दोन रेझिस्टर आणि एक नॉब. नॉब फिरवला की टिचभर लाल दिव्यानं हळू किंवा भराभर लुकलुकायचं, बस्स! पण हा आपल्याच चालीनं. तिनं कपॅसिटर बदलला, तारा उपटून पुन्हा खोचल्या, चिपच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उद्या सरांसमोर चालवून दाखवायचं होतं, आणि जोडीदार म्हणून गळ्यात पडलेली मैत्रीण सकाळपासून "निघालेच गं" म्हणत होती.

"किती चिडचिड करशील?" आतल्या खोलीतून आईनं विचारलं. हृदयाच्या दुखण्यातून उठून ती नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. तिला जराही ताण नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"नाही चिडत गं," ही दात-ओठ खात म्हणाली.

शेवटी वैतागून तिनं नॉबच्या वाटेतला रेझिस्टर उपटला आणि तार थेट जोडली. नॉब टोकाला गेला तर चिप जळू नये म्हणून तो असतो, हे तिला पाठ होतं. पण टोकाला न्यायचाच कशाला? आणि काय आश्चर्य, दिवा ऐकायला लागला! तिनं नॉब वळवला, तसा तो भराभर लुकलुकू लागला.

"मेल्या, आत्ता सुचलं होय तुला!"

"अगं... धडधडतंय खूप..." आतून आईचा आवाज आला.

ती धावली. आईची नाडी धरली आणि तिची नजर उघड्या दारातून टेबलाकडे गेली. बोटाखालचा ठोका आणि तिकडची लुकलुक... अगदी एका तालात चालली होती. ती परत पळाली, नॉब हळूच मागे घेतला.

"हं... आता बरं वाटतंय..." आई पुटपुटली.

तिनं बॅटरीकडे हात नेला. बॅटरी काढावी? पण मग दिवा विझेल... आणि आई? डॉक्टरांना फोन लावायचा तर सांगायचं काय? तरी तिनं फोन उचलला, खिडकीशी गेली. तेवढ्यात मैत्रीण आत आली.

"झालं पण? बघू तरी किती फास्ट जातो!"

"हात लावू नको..."

नॉब टोकाला गेला होता. जळकट वास आला आणि दिवा गेला.

ती किंचाळतच आत धावली. आई पलंगावर उठून बसली होती, केस सारखे करत होती. "अगं, काय झालं ओरडायला?"

तिनं आईला मिठी मारली आणि हमसून हमसून रडली. आईचा ऊबदार हात पाठीवरून फिरत होता.

"वेडी कुठली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत वाटतंय बघ मला."

तिचा कान आईच्या छातीवर होता. तिनं तो जरा सरकवला. मग घट्ट दाबला. आई बोलतच होती, चहा टाक म्हणत होती. आत मात्र काहीच वाजत नव्हतं.