काशिनाथभोवतीची पांढरी रेघ

"नलिनीताई, फोटोतला चेहरा साफ करून आणा. बारा वाजता काशिनाथच्या बडतर्फीचा कागद निघतोय!" सुरक्षा अधिकारी जयंतसाहेबांनी फोन आपटला.

कारखान्याच्या स्टोअरमधून तांब्याची तार चोरीला गेली होती. स्टोअरबाबू प्रभाकरने पहाटे टिपलेला एक काळपट फोटो आणून दिला होता. मागच्या गेटपाशी उभा फिटर काशिनाथ. बिचाऱ्याच्या निवृत्तीला उरले होते दोन महिने.

ओळखपत्रांचे फोटो करणाऱ्या नलिनीने फोटोचा उजेड वाढवला, कडा ठळक करायला शार्पनिंग लावलं. चेहरा उघडला. काशिनाथच! गणपतीत मांडवासाठी राबणारा हा माणूस चोर निघावा?

तिला खुर्चीत बसवेना. तिने फोटो मोठा केला. गेटच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती, काशिनाथभोवती मात्र जाडजूड. आणि खिशावर केशरी बिल्ला.

"अगं बाई!" म्हणत ती धावतच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. काशिनाथ मान खाली घालून उभा, प्रभाकर खुर्चीत.

"प्रभाकरभाऊ, फोटो कधीचा?"

"सहा फेब्रुवारी. लिहून दिलंय ना!"

"तुम्हीच काढला?"

"मग काय भुताने?"

"आपल्या गणेश मंडळाचे बिल्ले कुठे असतात?"

"माझ्या कपाटात, कुलपात. विसर्जन झालं की लगेच परत घेतो."

"एखादा बाहेर राहिला असेल?"

"एकही नाही! सेक्रेटरी आहे मी, मजाक नाही."

"मग फेब्रुवारीत काशिनाथभाऊंच्या खिशावर कसा?"

प्रभाकर खुर्चीतून अर्धा उठला.

"साहेब, शार्पनिंग केलं की कडांना पांढरी रेघ येते," नलिनी म्हणाली. "मी सगळ्या फोटोला सारखंच केलं. तरी यांच्याभोवती रेघ जाड, कारण यांच्या फोटोला आधीच एकदा शार्पनिंग केलेलं होतं. विसर्जनाच्या फोटोतून कापून गेटपुढे चिकटवलंय. ते फोटो फक्त प्रभाकरभाऊंच्या कॅमेऱ्यात आहेत. पहाट दाखवायला त्यांनी फोटो काळा केला, त्यात बिल्ला त्यांनाही दिसला नाही. स्वतःची चोरी लपवायची नसती, तर हा खटाटोप कशाला?"

"तार कुठे आहे?" साहेब गरजले.

"करोंद भागातल्या... गोदामात," प्रभाकर पुटपुटला.

साहेबांनी बडतर्फीचा कागद टराटरा फाडला. काशिनाथ हसला नाही.

"ताई, चेहरा साफ झाला तेव्हा तुम्हालाही मीच चोर वाटलो?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," नलिनी म्हणाली. "वाटलात."

काशिनाथने मान हलवली आणि कुणालाच नमस्कार न करता तो बाहेर पडला.