साडीगार्ड काढलेली गाडी

माऊलीचा हात लई सफाईचा. सफाई कसली, तर लपवण्याची. चिकलठाण्यात घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो जुन्या मोटारसायकली आणायचा, चिरलेल्या चेसीला वेल्डिंग मारायचा, वर पुट्टी, त्यावर काळा रंग. मागचं मडगार्ड छाटायचा, साडीगार्ड काढून फेकायचा अन् फोटो मोबाइलवर टाकायचा. बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून असते हो ती जाळी. पण तिच्यानं गाडी म्हातारी दिसते, अन् पोरांना दिसायला पाहिजे जोरदार!

त्या उन्हाळ्यात करमाडच्या इब्राहीमचाचाच्या भंगारातून त्यानं एक गाडी आणली. मागचं चाक खोललं, तर ॲक्सलला लाल कापड पिळून बसलेलं. ओढलं तर निघतच राहिलं, जरीच्या काठासकट. मग त्याची नजर चेसीवर गेली अन् हात थांबले. वेल्डिंग त्याचंच होतं. ही गाडी मागं कधीतरी त्यानंच विकली होती.

चाचाला फोन लावला. चाचा म्हणाला, मागं बसलेली बाई गेली रं त्यात, पदर अडकून.

गाडी परत करावी, असं माऊलीच्या मनात आलं. पण गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून भर दुपारी गाडी चालवून बघायला निघाला. डांबर वितळल्याचा वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. थोडं पुढं गेला अन् गाडी डावीकडं जड झाली. बाई एका बाजूला पाय सोडून बसली की होते, तशी. खांद्यावर हलकाच हात टेकला.

"हळू चालवा... पदर अडकलाय..."

त्यानं ब्रेक दाबला. मागं कुणी नव्हतं. ओल्या हळदीचा वास तेवढा येत होता.

कसाबसा तो परत आला. अडगळीतून एक साडीगार्ड शोधून त्यानं ते गाडीला घट्ट आवळलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

उन्हं कलल्यावर अजिंठ्याहून कृष्णा आला. संगं बायको सुलेखा, हिरव्या साडीत. लग्न नुकतंच झालेलं. जाळी बघून कृष्णानं तोंड वाकडं केलं. फोटोत ही नव्हती, काढा, नायतर राहू द्या म्हणाला. खरं काय ते माऊलीच्या ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर ही बला आपल्याच दारात राहणार, या भीतीनं त्यानं ते गिळलं. पाना घेतला अन् जाळी काढून दिली.

"वहिनी, पदर खोचून बसा," एवढंच म्हणाला.

सुलेखानं मान हलवली. नवऱ्यामागं बसली अन् सीटच्या रिकाम्या टोकाकडं वळून हळूच म्हणाली, "जरा सरकता का, बाई..."

माऊली हातातला पाना टाकून रस्त्यावर धावला. तोवर गाडी वळणाआड गेली.

आठवडाही झाला नसेल, चाचाचा फोन आला. गाडी परत भंगारात आली होती. कुणी आणून टाकली, त्यालाही ठाऊक नव्हतं. साधा ओरखडाही नव्हता तिच्यावर.

"अन् पोरगी?" माऊलीनं विचारलं.

"गाडी घेऊन जा ती," चाचा म्हणाला. "मला नको इथं."

माऊली गेला. घरी नेऊन आपल्या हातानं तिचे तुकडे करायचे, असं त्यानं ठरवलं होतं. मागच्या चाकात हिरवं कापड पिळलेलं होतं. ते कापताना तो रडला. काय उपयोग आता रडून? टेम्पोवाले गाडी बघूनच नाही म्हणाले, तेव्हा तिच्यावरच बसून निघाला. सगळा रस्ता गाडी डावीकडं ओढत होती, मागच्या वेळेपेक्षा जास्त. हँडल सावरताना मनगटं भरून आली. त्यानं एकदाही मागं बघितलं नाही.

घरासमोर गाडी थांबली, तेव्हा त्याची बायको सायली दारातच उभी होती. तिनं पदर सारखा केला अन् त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं.

"अहो, उन्हात काय बसवून ठेवलंय त्यांना? आत बोलवा की." मग जरा वाकून, आवाज हळू करून तिनं विचारलं, "पदर कशानं फाटले हो... दोघींचे?"