मध्यावरचा हार

रंजिता राठोड आभार मानायला उभी राहिली, तेव्हा कीर्तन निम्मंच झालं होतं.

हे देवाला ठाऊक, बुवांना ठाऊक, कळंबच्या चिंतामणीपुढे बसलेल्या समस्त बायाबापड्यांना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या तिलाच. नागपुरातल्या मोठ्या इस्पितळाचा कारभार हाकून आलेली बाई ती... बुवांना हार पडला, कपाळी बुक्का लागला, म्हणजे तिच्या लेखी सभा संपली.

"मॅडम," सलीलबुवा हसू दाबत म्हणाले, "हा पूर्वरंग झाला, नुसता उपदेश. गोष्ट तर पुढंच आहे. बसा न जरा."

ती बसली. कानशिलं तापली होती, पण ते हसरे डोळे काही नजरेआड होईनात.

दिवसा पोस्टात आणि संध्याकाळी कीर्तनात रमणारा हा माणूस तिला पुढच्या चतुर्थीला पायऱ्यांवर भेटला. श्रावणाची भुरभुर चालू होती.

"बुवा, तुमची एक चोरी केली मी."

"काय नेलं?"

"यवतमाळले कॉलेजात शिकवतो न आम्ही, इस्पितळ कसं चालवावं ते. पोरं जांभया देत. आता आधी नियम सांगते, मंग त्या नियमापायी वाचलेल्या पेशंटची गोष्ट. परवा जेवायची सुट्टी विसरले पोट्टे."

"मंग दक्षिणा लागन."

"मागा."

"दर चतुर्थीले येत जा... ऐकायले." कीर्तनात कधी न कापणारा आवाज इथं कापला.

ती येत गेली. त्याच्या चिपळ्यांचा नाद तिच्या दिवसांत शिरला. आणि तशातच नागपूरच्या जुन्या इस्पितळाचं बोलावणं आलं. संचालकाची खुर्ची, चतुर्थीच्याच संध्याकाळी घ्यायला गाडी.

"मोठी जागा आहे," सलील चिपळ्यांकडे बघत म्हणाला. "जायले पाहिजे तुम्ही."

"काहून? थांब म्हणायले जीभ दुखते काय?"

"थांब म्हणणारा मी कोण..."

त्या चतुर्थीचं कीर्तन रंजिताच्या आईनं, रुपीबाईनं नवसाचं बोललं होतं; मध्यावर बुवांना हार घालायचा मान तिचाच. फलकावर ध्रुवाचं आख्यान लिहिलेलं. पूर्वरंग संपला आणि रंजिता उठली. सलीलचा चेहरा उतरला. चालली, गाडी आली असेल...

ती मात्र आईकडे वळली. "याडी, हार मले दे."

हार घातला. बुक्का लावताना तिचं बोट त्याच्या कपाळावर क्षणभर थबकलं.

"गाडी वाट पाहून राह्यली असन तुमची," तो पुटपुटला.

"सकाळीच नाही म्हणून कळवलं. पोरं आहेत माही इथं. आणि..." तिनं मान खाली घातली. "गोष्ट अर्धी टाकून मी आता उठत नसते, बुवा."

ती जागेवर जाऊन बसली. तबलजीनं ठेका धरला, पुन्हा धरला. बुवा अजून गळ्यातल्या हाराकडेच बघत होते.

"पोरीनं तर हार घातला," मागून रुपीबाई म्हणाली. "आता बुवाच्या हातचा कवा पडते?"

मंडप खदखदला. सलीलनं चिंतामणीला हात जोडले, रंजिताकडे एकवार पाहिलं, आणि ध्रुवाला तिथंच राहू देऊन रुक्मिणीच्या लग्नाचं आख्यान लावलं.