तळव्याला टिचकी

आमच्या नवजात बाळांच्या खोलीत नजर सतत छातीवर ठेवावी लागते. नाकपुड्या फुगतायत का, श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत खेचली जातेय का, बाळ दर श्वासाला कण्हतंय का, ओठ निळे पडतायत का. नव्यानेच आई झालेल्या बायकांना मी हे आल्या आल्या शिकवते. त्या घाबरतात. मी म्हणते, घाबरा, पण बघा. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

खिडकीजवळच्या काचपेटीतल्या बाळाला आम्ही विसरभोळा म्हणायचो. तो दिवस भरायच्या आतच आला होता आणि श्वास घ्यायला विसरायचा. अशा बाळांचा मेंदू अजून कच्चा असतो. गाढ झोप लागली की श्वास राहून जातो. मग मॉनिटर कोकलतो, आपण धावतो आणि तळव्याला टिचकी मारतो. बाळ दचकतं, पाय ओढून घेतं, श्वास घेतं. तेवढ्याने भागलं नाही तर तोंडावर मास्क लावून हवा द्यावी लागते. विसरभोळ्याचं टिचकीवर भागायचं. माझा नवरा म्हणतो, मीही घोरता घोरता मध्येच बंद पडते, आणि माझ्या घोरण्यापेक्षा त्या शांततेनेच त्याची झोप उडते. त्यामुळे या पोराबद्दल मला जरा आपलेपणा वाटायचा.

मग एके दिवशी त्याचा मॉनिटर कोकलेनासा झाला. दुसऱ्या दिवशीही नाही. पोर सुधारलं म्हणून सगळे खूश. त्याची आई काचेला कपाळ टेकून बसलेली असायची, ती पहिल्यांदा पोटभर जेवली. तिची एकच तक्रार होती, की हा झोपेत सारखा दचकतो. मी म्हटलं, बाळं दचकतात, त्यात काय.

दुपट्टं बदलताना त्याचा मोजा निघाला. डाव्या तळव्यावर लाल डाग होता, ताजा, नखाएवढा.

मी खोलीतल्या सगळ्या नर्सना फैलावर घेतलं. मॉनिटर वाजला नाही, मग टिचक्या कोण मारतंय? बाळाचा पाय म्हणजे काय कॅरमची सोंगटी आहे? एकीनेही कबूल केलं नाही. त्यांचे चेहरे बघून माझी खात्री पटली की त्या खरं बोलतायत.

दुपारी दूध पाजून झाल्यावर मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. फरशीवर ऊन पडलं होतं. स्पिरिटचा वास, मशीनची घरघर, बाकी सगळं नेहमीचंच. पेटीची झडप मी उघडून ठेवली होती आणि हात मांडीवर. विसरभोळा गाढ झोपला. छाती वर, खाली, वर. मग थांबली.

छोटी विश्रांती सगळीच बाळं घेतात. मी वाट पाहिली. ओठांचा रंग उतरायला लागला. मी हात उचलला.

टिच.

शेंग मोडावी तसा आवाज. तळव्याची कातडी आत दबली आणि लाल होत वर आली. विसरभोळ्याने पाय ओढून घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि श्वास घेतला.

माझा हात अजून झडपेबाहेर होता.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं की बाळ बरं झालेलं नाही, त्याला काहीतरी उठवतंय म्हणून मॉनिटर वाजत नाही. ते हसले नाहीत. भले गृहस्थ आहेत. माझ्या शब्दाखातर त्यांनी त्याला आणखी काही दिवस ठेवून घेतलं. मॉनिटर गप्पच राहिला. शेवटी ते म्हणाले, "सिस्टर, त्याला उठवणारा त्याचा मेंदूच ना? तो पक्का झाला. आता घरी जाऊ दे त्याला."

मी आईला पुन्हा सगळं शिकवलं. माझ्याच तळहातावर तिच्याकडून टिचक्या मारून घेतल्या. ती बाळाला घेऊन दारापर्यंत गेली आणि मी मागे वळून त्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरीही मी हळूच म्हटलं, "त्याच्याबरोबर जा हं."

कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत गेले, आतून कडी लावली, बूट काढले आणि बाकावर जरा पाठ टेकली. किती दिवस धड झोप नव्हती. डोळा लागला.

टिच.

मी धापा टाकत उठून बसले. छाती धडधडत होती, खूप वेळ पाण्याखाली राहून वर आल्यासारखी. कडी तशीच होती. खोलीत कोणी नव्हतं.

डावा पाय उचलून पाहिला. तळव्यावर लाल डाग होता, ताजा, नखाएवढा.

ते माझ्यापाशी थांबलं होतं.

मी फोन लावला. विसरभोळ्याच्या आईने लगेच उचलला. आवाज हसरा होता.

"सिस्टर, तुमचीच आठवण काढत होते. घरी आल्यापासून एकदासुद्धा दचकला नाही बघा. इतका शांत झोपलाय."

"मोजा काढ त्याचा," मी म्हटलं. "टिचकी मार. आत्ता."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. कपड्यांची सळसळ झाली. मी रडण्याची वाट पाहत होते.

टिचकी ऐकू आली.

मग दुसरी.

मग आणखी एक, जरा जोरात.