बेअरिंगचा आवाज

खिम्याचं इलेक्ट्रिक मशीन घरात घ्यायचं म्हणताय? घ्या बापडे. पण आधी दोन मिनिटं बसा. मी जळक्या मोटरी भरून देतो, तीस वर्षं हेच करतोय. मशीनचं मला विचारा.

एक तर ते धूड ओट्याची अर्धी जागा खातं. पाच मिनिटं चालवलं की दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर कॉइल तापते. मांसाची शीर पात्याला गुंडाळली की सगळं खोलून बसा. धुण्याचं तर नावच काढू नका. पाव किलो खिम्यासाठी अर्धा तास घासायचं! बायको म्हणायचीच, "खाटकाकडून करून आणा की! नुसती हौस तुमची!"

हौस नव्हती हो. आईचे दात गेले होते, आणि खाटकाच्या मशीनमधलं ती तोंडात घालायची नाही. "त्यात आधी काय घातलं असेल, कुणास ठाऊक," म्हणायची. म्हणून आणलं. पहिल्या दिवशी वाटी चाटूनपुसून खाल्ली तिने. "शहाणा आहेस हो," म्हणाली. पन्नाशीच्या माणसाला! मी आपला दिवसभर खुशीत.

मग तो रविवार. दुपारचे बारा वाजलेले. बायको बहिणीकडे गेली होती, आई पलीकडच्या खोलीत पडून होती. मी मशीन लावलं. केवढा तो आवाज... मांडणीतली भांडी थरथरायची. चौथ्या मिनिटाला त्या घरघरीखालून एक बारीक, चिरका सूर यायला लागला. थांबायचा, परत यायचा. मी कान लावला. आणि आमच्या धंद्याची खोड बघा, मला वाटलं, बेअरिंग कोरडं पडलंय. संध्याकाळी तेल सोडू म्हटलं, आणि उरलेले तुकडे आत दाबत राहिलो.

बंद केलं तेव्हा घर चिडीचूप. खिमा शिजत टाकला आणि आत डोकावलो. आई पलंगावरून अर्धी खाली आली होती. हात दाराकडे. अंग अजून गरम होतं...

महिन्याभराने मशीन खोललं. बेअरिंग बघितलं, तर तेलाने माखलेलं, अगदी नवंकोरं. तरी बदललं. रिकामंच चालवून बघितलं. चौथ्या मिनिटाला तोच सूर आला. आणि आता मला तो नीट कळला. "बाळा..." पुढेही काहीतरी होतं, पण मोटर तापली आणि बंद करावं लागलं.

त्या दिवशी ती काय मागत होती, एवढंच मला हवं होतं. दर रविवारी मी ते रिकामं चालवायचो. बायको बाहेर जाऊन उभी राहायची. "काढून टाका हो ते," एवढंच म्हणायची. तिलाही ऐकू येतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

गेल्या रविवारी ठरवलं, जळलं तर जळू दे. सहा मिनिटं झाली... आठ... कॉइलवरचं वार्निश जळल्याचा वास सुटला. बटणावरचा हात मी मुद्दाम काढून घेतला. सूर मोकळा होत गेला.

"बाळा... पाणी दे रे... बाळा..."

पाणी! दहा पावलांवर होतो हो मी. दहा पावलांवर. ओ द्यायला तोंड उघडलं, पण घशातून आवाजच फुटेना. तेवढ्यात मोटरीतून धूर आला आणि सगळं थांबलं.

बायको धावत आत आली. काही बोलणार, तोच आईच्या खोलीतून ओ आली. ती खोली आम्ही तेव्हापासून कुलूप लावून बंद ठेवली आहे.

"आलो गं आई... आलो."

बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं. माझे ओठ मिटलेले होते. आतला आवाज मात्र माझाच होता. मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी ते घटाघटा प्यायलं.