पिकल्या भोपळ्यावरचं नाव

ब्रेक्के यांच्या भोपळ्याच्या शेतावर पहिलीच्या वर्गाला न्यायचं, तर सोबत मोठी माणसं किती असावीत याचं गणित त्या शाळेला आजवर जमलेलं नव्हतं. यंदा अठरा पोरांमागे पाच मोठे ठरले होते. सकाळी दोन आयांचे घसे धरले, एका बापाला ऐन वेळी तातडीचं काम आठवलं. उरल्या वर्गाच्या बाई मिस नोव्हाक, आणि मार्लिस सोल्बर्ग. मार्लिस जिल्ह्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होती. गेली बावीस वर्षं ती विस्कॉन्सिनातल्या त्या कोपऱ्यातले पेट्रोल पंप आणि दुकानांतले काटे तपासत आली होती. काटा खोटं बोलत असला तर तिला दारातूनच वास यायचा. लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं, आणि त्याचं काही वाटतं असंही तिने कधी कोणाला जाणवू दिलं नव्हतं.

नऊ सप्टेंबरला हॅटी तिच्या घरी आली. अनाथ मुलांना तात्पुरती घरं शोधणाऱ्या जिल्ह्याच्या कार्यालयातल्या बाईंनी एक पिशवी आणि सहा वर्षांची ही मुलगी दारात उभी केली आणि ‘थोड्याच दिवसांसाठी’ म्हणाल्या. आईबाप नसलेल्या हॅटीचं हे पाचवं घर. ती चमचाभर जेवायची, पिशवीतले कपडे कपाटात ठेवू द्यायची नाही, आणि रोज रात्री विचारायची, “इथे किती दिवस?” मार्लिस ‘बघू’ म्हणायची. आता उत्तर मिळालं होतं, पण ते तिने हॅटीला सांगितलं नव्हतं. हॅटीची एक मावशी अरिझोनात सापडली होती. गुरुवारी कोर्टात तारीख होती आणि रक्ताचं नातं आधी, असं सगळेच म्हणत होते. मावशी काही वाईट बाई नव्हती. तिने एकदा फोनही केला होता, फार गोड बोलली होती. त्यामुळे तर मार्लिसला तिचा जास्तच राग आला. आज मंगळवार होता.

बसमध्ये पोरांनी डोकं उठवलं होतं.

“माझं नाव ब्रेक्के आजोबांनी उन्हाळ्यातच लिहिलंय!” कॅल्विन हॅटीला सांगत होता. त्याचे पुढचे दोन्ही दात पडलेले असल्यामुळे तिच्यावर तुषारांची बरसात होत होती. “भोपळा एवढुस्सा हिरवा असतो ना, तेव्हा खिळ्याने लिहायचं. मग भोपळा मोठा होतो तसं नावपण मोठं होतं. माझ्या ताईचं नाव एवढं झालेलं!”

“मग?”

“मग काय, आपलं आपण शोधायचं. मोठ्यांनी दाखवायचं नाही. दाखवलं तर ते पोर भित्रट.”

मागच्या बाकावरच्या मेरिटने भर घातली, “आणि ज्याचं नाव वेलीवर, ते पोर इथलं. असं आजोबा म्हणतात.”

हॅटी मार्लिसकडे वळली. “माझंपण असेल ना?”

“असेल की!” मार्लिस म्हणाली. तोंडातून निघून गेलं. मग तिने हळूच मिस नोव्हाककडे पाहिलं, आणि त्या बाईंचा चेहरा पाहूनच तिला काय ते कळलं.

“यादी जूनमध्ये गेली हो,” मिस नोव्हाक कुजबुजल्या. “सतरा नावं. माझ्या ध्यानातच आलं नाही. आता काय करायचं?”

शेतावर पोचल्या पोचल्या गॉर्डी ब्रेक्के पुढे आला. सत्तरी उलटलेला, पोटाने गोल, आवाजाने त्याहून गोल. त्याचं आणि त्याच्या ट्रॅक्टरचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ट्रॅक्टर चालू होईना, तशी त्याने चाकाला एक लाथ घातली आणि पोरांकडे वळून म्हणाला, “हे तुम्ही पाहिलं नाही!” पोरांनी ते पाहिलंच होतं, पुढची दहा मिनिटं अठराही जणांनी मिळेल त्या चाकाला लाथा घातल्या. शेवटी ट्रॅक्टर खोकत सुरू झाला, मागच्या ट्रॉलीतल्या गवताच्या गठ्ठ्यांवर सगळी वरात बसली. वाळलेली मक्याची ताटं वाजत होती, वरून बदकांची लांबलचक रांग कलकलाट करत दक्षिणेला चालली होती, आणि शेतावरच्या स्वयंपाकघरातल्या एल्वेराबाईंच्या खिडकीतून तळणीतल्या डोनटचा वास शेतभर पसरला होता. हॅटी हसत होती. पाच आठवड्यांत मार्लिसने तिला असं तोंड उघडून हसताना पाहिलं नव्हतं.

तिने गॉर्डीला बाजूला घेतलं.

“एक नाव राहिलंय, गॉर्डी. आत्ता नाही का लिहिता येणार?”

“आत्ता?” गॉर्डीने टोपी मागे सारली. “अगं, ऑक्टोबर चाललाय. भोपळे पिकले, साल दगडासारखी झाली. आता ओरखडा काढलास तर नुसता रस गळेल. खपली धरायला कोवळी साल लागते, जुलैतली. शिवाय पिकलेल्यावर नाव लिहायचं नसतं. माझी आई हात मोडायची.”

“का पण?”

“तिला कोण विचारणार? तू माझ्या आईला पाहिलं नाहीस, नाहीतर विचारलं नसतंस.” मग मार्लिसचा चेहरा पाहून तो वरमला. “असं कर, त्या पोरीला शेतातला सगळ्यात मोठा भोपळा दे. माझ्याकडून.”

मार्लिसला ठाऊक होतं, हॅटीला मोठा नको होता. तिला नावाचा हवा होता. सतरा पोरं आपापलं नाव कवटाळून नाचतील आणि ही पोर बिननावाचा गोळा घेऊन उभी राहील, मग रात्री विचारेल, इथे किती दिवस. आणि या वेळी उत्तर द्यावं लागेल.

गॉर्डी पोरांना नियम सांगत होता, तेवढ्यात ती मक्याच्या ताटांमागून कुंपणाकडे गेली. शेवटच्या ओळीत एक मध्यम, छान तांबूस भोपळा पानांत दडला होता. तिने खिशातून गाडीची किल्ली काढली. आयुष्यात तिने एका छटाकाची लबाडी केली नव्हती. साल खरंच दगडासारखी होती. एकेक अक्षर रेटून काढावं लागलं. रस चिकट, थंड, बोटांवर ओघळला. शेवटच्या अक्षरापाशी किल्ली घसरली आणि एक वाकडा ओरखडा थेट देठापर्यंत गेला. तिने रुमालाने पुसलं, पुन्हा पुसलं. रस येतच राहिला. आंधळ्यालाही कळलं असतं की हे आत्ताचं आहे. “शहाणी आहेस, मार्लिस!” ती स्वतःशीच म्हणाली, वर पानं ओढली आणि परत निघाली. घड्याळात सव्वादहा झाले होते.

त्यानंतरची वीस मिनिटं तिला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. कॅल्विनचा बूट चिखलात रुतला आणि पाय बाहेर आला. एका बकरीने मिस नोव्हाकांच्या स्कार्फची चव पाहिली. “सापडलं!” “ए, ते माझंय!” “आजोबा, ही माझ्या भोपळ्यावर बसलीय!” अशा आरोळ्या चहूकडून उठत होत्या. गॉर्डी मध्ये उभा राहून पोट धरून हसत होता.

मग कुंपणाकडून हॅटीची किंकाळी आली.

मार्लिस धावत सुटली. तिला वाटलं, पोर रडतेय. हॅटी रडत नव्हती. ती भोपळ्यापुढे गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही हातांनी पानं दूर करत होती.

“माझं नाव! बघ, मार्लिस, माझं नाव आहे!”

पोरं गोळा झाली. कॅल्विन एका बुटाने लंगडत आला. गॉर्डीही आला, आणि मार्लिसने शरमेने मान खाली घातली.

“वा!” गॉर्डी म्हणाला. “काय सुरेख धरलंय!”

तिने वर पाहिलं.

अक्षरं कोरडी होती. फिकट, खरबरीत, नखभर उंच उचललेली खपली, बाटलीच्या बुचासारखी. भोपळ्याबरोबर ताणून ती रुंद झाली होती. रसाचा थेंब नव्हता. हा दुसराच भोपळा, असं मार्लिस म्हणाली असती, पण शेवटच्या अक्षरापासून देठापर्यंत तो वाकडा ओरखडा गेला होता. तोही भरून आला होता. तिच्या खिशात रुमाल अजून ओला होता.

गॉर्डीने खपलीवरून अंगठा फिरवला. “जुलैच्या पहिल्या आठवड्यातलं. नंतरचं नाही.” मग तो थांबला. कपाळाला आठी पडली. “पण हे अक्षर माझं नाही…”

“गॉर्डी, मी सांगते—”

“आता आठवलं!” त्याने मांडीवर थाप मारली. “अगं, तूच लिहिलंस की! ही पोर हट्टच धरून बसली होती, आई लिहील म्हणून. किती ऊन होतं त्या दिवशी! त्या बादलीवर बसली होतीस तू. आणि हात घसरला तेव्हा ही कशी खिदळली होती!”

“मी नव्हते आले जुलैमध्ये,” मार्लिस म्हणाली.

“हो, हो, आणि मी नाही खाल्ले तुझ्या डब्यातले सँडविच!” गॉर्डी हसत हसत पुढच्या पोराकडे गेला.

मार्लिस मिस नोव्हाकांकडे गेली. “बाई, तुम्ही बसमध्ये म्हणालात ना, हिचं नाव यादीत नाही?”

“मी? कधी?” मिस नोव्हाकांनी खिशातला कागद उलगडला. घड्यांवर विरलेला, जूनची तारीख असलेला. अठरा नावं होती. पंधरावं: सोल्बर्ग, हॅटी. “बरं वाटत नाही का तुम्हाला? बसा जरा. गरम काहीतरी घ्या.”

खिडकीत एल्वेराबाई कागदी पुड्यांत डोनट भरत होत्या. रांगेत हॅटीचा नंबर आला तशी त्यांनी न विचारताच बाजूला ठेवलेला एक पुढे केला. “हा बिनदालचिनीचा. मागच्या वर्षी केवढं अंग उठलं होतं गं तुझं!” आणि मार्लिसकडे पाहून, “वाढली हो पोर. नाक मात्र तुमच्याच घराण्याचं.”

हॅटी दोन घासांत अर्धा डोनट संपवून मोकळी झाली. चमचाभर जेवणारी पोर! ओठांभोवती साखर, गाल थंडीने लाल. मार्लिस तिच्यासमोर उकिडवी बसली.

“हॅटी, खरं सांग. तू माझ्याकडे कधी आलीस?”

“कुठे आले?”

“माझ्या घरी. पिशवी घेऊन.”

हॅटीने तिच्याकडे पाहिलं, मग खो खो हसत सुटली. “कसली पिशवी? आई, तू पण ना!” आणि साखरेचे हात तसेच तिच्या गळ्यात टाकले.

आई.

मार्लिसला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याहून कितीतरी मोठा आनंद उसळला. गुरुवार नाही. कोर्ट नाही. पोर आपली आहे. तिने हॅटीच्या केसांत तोंड खुपसलं आणि ती ढसाढसा रडली. पलीकडे कॅल्विनने बकरीला आपला बूट देऊ केला होता आणि सगळं शेत हसत होतं.

फोन वाजला तेव्हा पोरं भोपळे घेऊन बसकडे निघाली होती. नंबर अरिझोनाचा होता.

“माफ करा,” तोच गोड आवाज म्हणाला. “मी तुम्हाला ओळखत नाही. तुमचा नंबर माझ्या फ्रिजवर लावलेला आहे. कशासाठी ते मला आठवत नाहीये.”

मार्लिस बसपासून दोन पावलं दूर सरकली.

“त्याखाली तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयाचा नंबर होता, तिथे विचारलं. ते म्हणाले, माझ्या नावाचं काही प्रकरणच नाही त्यांच्याकडे. तुम्हाला वेडेपणा वाटेल. पण मी एक खोली पिवळ्या रंगाने रंगवलीय. हातांना अजून रंग आहे. लहानसा पलंग घेतलाय. आणि सकाळपासून मी त्या खोलीत उभी आहे, आणि कोणासाठी ते काही केल्या…” आवाज फुटला. तिने तो सावरला. “उशीवर मी नाव भरलं होतं. मीच, निळ्या दोऱ्याने. बोटाला सुई टोचलेली दिसतेय. पण आता दोरा नाही. नुसती भोकं आहेत, ओळीने. उजेडाशी धरून बघते, तरी वाचता येत नाही.”

“आई, चल ना!” बसच्या पायरीवरून हॅटी ओरडली. भोपळा तिने पोटाशी धरला होता, नाव बाहेरच्या बाजूला.

“तुम्हाला काही माहीत आहे का?” ती बाई विचारत होती. “एखादं नाव? नुसतं नाव सांगितलं तरी चालेल.”

एकच शब्द होता. तो मार्लिसच्या जिभेवर होता.

“नाही हो,” ती म्हणाली. “नंबर चुकला असेल.”

“हं. तसंच असेल. माफ करा, त्रास दिला.”

पण त्या बाईने फोन लगेच ठेवला नाही. पलीकडून, अगदी जवळून, कापडावर एक बोट पुन्हा पुन्हा फिरत असल्याचा आवाज येत राहिला.