कोऱ्या पाण्यातले ठिपके

या, जवळ सरकून बसा. घडलं तसंच सांगतो. पदरचा एक शब्द घातला, तर देव मला विचारील.

आमच्या नारीन शहरातलं प्रसूती रुग्णालय. बर्फाची दुपार, पण दिवे लावावे लागलेले. खाली प्रयोगशाळेत माझी शेजारीण बुरुलाय एकटी.

वर सेयिल नावाची पहिलटकरीण. पोटातलं बाळ सकाळपासून हललं नव्हतं. बाळाचं रक्त आईच्या रक्तात झिरपत असेल, तर ताबडतोब पोट उघडायचं. ते सांगणार बुरुलायचं यंत्र. रंग लावलेल्या रक्तातली एकेक पेशी लेझरसमोरून जाते. बाळाच्या पेशी पडद्यावर उजवीकडे वेगळ्या उमटतात.

आधी नुसतं पाणी सोडायचं. पडदा कोरा राहिला, तरच आईचं रक्त.

तिनं पाणी सोडलं.

उजवीकडे… ठिपके.

"मेल्या, आजच बरं सुचलं तुला!" तिनं यंत्राला शिवी हासडली. नळ्या धुतल्या. पाण्याची नवी बाटली फोडली.

पुन्हा ठिपके. जास्तच.

फोन खणखणला. डॉक्टर तोल्गोनाय.

"झोपलीस का गं?"

"ताई, इथं पाण्यालाच दिवस गेलेत! कशाच्या जोरावर सांगू?"

"चेष्टा पुरे. ठोके मंदावताहेत."

बुरुलायला रडू फुटलं. तेवढ्यात…

करकर… करकर…

कोपऱ्यातलं, रक्ताच्या नळ्या पाळण्यासारख्या डुलवायचं यंत्र. घाईत नळ्या उचलून तिनं ते चालूच ठेवलं होतं.

रिकामं.

आमच्याकडे रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. पाळणा मिळण्याआधीच गेलेलं पोर त्यात येऊन निजतं म्हणतात.

तिनं वायर उपटली.

यंत्र डुलतच राहिलं.

भीतीपेक्षा संताप मोठा. "कुणाचं आहेस रे तू? वर जितं लेकरू हातचं चाललंय! आधी त्याचं होऊ दे की!"

करकर थांबली.

पाणी सोडलं. पडदा कोरा!

मग सेयिलचं रक्त. उजवीकडे दाट घोळका.

"ताई, उघडा!"

पोर निघालं पांढरंफटक. रक्त चढवलं, आणि उशिरानं का होईना, ते रडलं.

यंत्रात दोष सापडला नाही. मग पाण्यातलं रक्त कुणाचं? बुरुलाय अजून विचारते. मी विषय बदलतो.

सेयिलच्या पोराचं बारसं झालं, कणकेचे बोरसोक तळून घरोघर वाटले. त्या पाण्यातल्या दुसऱ्याला नावसुद्धा नाही.

आज हात जोडाल ना… तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.